टिपऱ्यांची साक्ष

पाल्मीना रिच्युती. जन्म ९ सप्टेंबर १९३८, मृत्यू २ डिसेंबर २०२०. जन्म आणि मृत्यू दोन्ही मोलिझे प्रांतातल्या रोक्कामार्ना गावी, कारंज्याच्या गल्लीत, घर क्रमांक एकवीसमध्ये. व्यवसाय लेस विणण्याचा व शिकवण्याचा. दोनातो नावाच्या सुताराशी विवाह; अपत्य नाही. नगरपालिकेच्या वहीत त्यांच्याविषयी याहून अधिक काही लिहिलेले नाही आणि वहीकडून त्याहून अधिक अपेक्षाही नसते. जिल्हा न्यायालयाच्या दफ्तरात मात्र त्यांच्या नावाची एक जाडजूड फाइल आहे. तिच्या तळाशी, लाखेने मोहोरबंद केलेल्या पाकिटात, वीतभर लांबीची पांढरी लेसची पट्टी आहे. त्या पट्टीत एक चूक आहे. पाल्मीनाबाईंनी उभ्या आयुष्यात उसवल्याविना राहू दिलेली तेवढी एकच चूक, आणि त्या चुकीनेच त्यांची अब्रू राखली.

रोक्कामार्नात लेस लोडावर विणतात. भुसा ठासून भरलेला गोल लोड लाकडी घोडीवर ठेवायचा, त्यावर भोके पाडलेला नमुन्याचा पुठ्ठा टाचायचा, आणि दोरा गुंडाळलेल्या बोटभर टिपऱ्या जोडीजोडीने एकमेकींवरून ओलांडत, पिळत, टाचण्यांभोवती फिरवत न्यायच्या; त्यांतून वेण्या, जाळी आणि पानांचे आकार उमटतात. दिवसाचे काम जिथून सुरू होईल तिथे लाल डोक्याची टाचणी खोचायची आणि पुठ्ठ्याच्या कडेला तारीख लिहायची. टिपरीवर टिपरी पडली की आवाज होतो. परक्या माणसाला तो नुसता कटकटाट वाटतो. पाल्मीनाबाईंना त्यात वीण ऐकू येई. मंडळाच्या शाळेत त्या मुलींकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहात आणि मागे न वळता म्हणत, "रोझाल्बा, पानात एक पीळ राहिला तुझा." रोझाल्बा पाही, तर खरोखर राहिलेला असे.

शिकवायचे ते कानाने, ही त्यांची पद्धत. मुलींनी घरी ऐकावे म्हणून त्या आपल्या हाताचा आवाज पूर्वी कॅसेटवर आणि पुढे बोटाएवढ्या एका यंत्रावर ध्वनिमुद्रित करीत. ते यंत्र घोडीच्या आडव्या दांडीला शिवलेल्या कापडी खिशात असे. काम सुरू करताना कळ दाबायची, संपले की बंद करायची. चष्म्याइतकीच ती त्यांची नित्याची वस्तू होती.

दुसरा नियम आईकडून आलेला होता : ओळ मिटेपर्यंत तोंड उघडायचे नाही. चाळीस जोड्या हातात असताना एक शब्द बोलला की एक जोडी हरवते, असे आई म्हणे. दोनातो मागणी घालायला आला तेव्हा पाल्मीना ओळीच्या मध्यावर होती. तिने मान वर केली नाही. तो वीस मिनिटे टोपी चुरगाळीत उभा राहिला, नकार समजून निघाला आणि गल्लीच्या टोकाशी पोहोचला तेव्हा मागून हाक आली, "अहो, थांबा की! हो म्हणतेय मी!" ही हकिकत गावात सर्वांना पाठ होती. पुढे न्यायालयात ती कोणी मानीना, तो भाग निराळा.

लेसविणकर मंडळाच्या शाळेत अक्रोडाच्या लाकडाची एक पेटी होती. तिच्यात जुन्या चर्मपत्रांवरचे नमुने होते. त्यांतला ‘डाळिंब’ नावाचा नमुना पाल्मीनाबाईंच्या पणजीच्या हातचा होता. पेटीची किल्ली एकतीस वर्षे पाल्मीनाबाईंच्या कमरेला होती. २००९ च्या मार्चमध्ये पेटी उघडली तेव्हा चौदा चर्मपत्रे नाहीशी झालेली आढळली; त्यांत डाळिंबही होते. मंडळाचे अध्यक्ष ओरेस्ते मास्त्रान्जेलो, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ, यांनी सभेत एवढेच विचारले, "किल्ली कोणाकडे होती?" उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. आदल्या वर्षी पेटीचे कुलूप दुरुस्तीला गेले असता एक दुसरी किल्ली करून घेतली होती आणि ती ओरेस्तेंच्या टेबलाच्या खणात होती, हे मात्र त्या दिवशी कोणालाही आठवले नाही.

शाळा बंद झाली त्यांच्यापुरती. त्याहून मोठे घडले ते गल्लीत. ऊन उतरले की कारंज्याच्या गल्लीतल्या बायका आपापले लोड घेऊन अर्धवर्तुळात बसत. प्रत्येकीची गवताच्या बैठकीची खुर्ची ठरलेल्या जागी रात्रंदिवस तिथेच असे. सभेच्या दुसऱ्या दिवशी पाल्मीनाबाई लोड घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यांची खुर्ची जागेवर होती, पण तोंड भिंतीकडे फिरवलेले होते. रोक्कामार्नात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पाल्मीनाबाईंनी खुर्ची सरळ केली नाही. लोड घेऊन त्या घरात परतल्या.

"मी सरळ करते जाऊन," जेम्मा उसळली. जेम्मा ही दिवंगत दोनातोची धाकटी बहीण, म्हणजे पाल्मीनाबाईंची नणंद. दोघी चाळीस वर्षे एका छपराखाली राहिल्या, एका चुलीवर भांडल्या.

"हात लावू नकोस. ज्यांनी फिरवली त्यांनीच सरळ करायची."

"आणि नाही केली तर?"

"तर भिंतीला बसायला खुर्ची झाली."

*

ईस्टर सरले आणि १७ एप्रिलला, शुक्रवारी सकाळी, ओरेस्ते मंडळाचे चिटणीस एर्मेस यांना घेऊन घर क्रमांक एकवीसमध्ये आले. पाल्मीनाबाई डाळिंबच विणत होत्या. चर्मपत्र गेले तरी नमुना त्यांच्या डोक्यात होता. पुठ्ठ्यावर भोके त्यांनी आठवणीने पाडली होती. लाल टाचणी खोचलेली, तारीख लिहिलेली, खिशातले यंत्र चालू. ओळ नुकतीच सुरू झाली होती. दार उघडेच असल्याने पाहुणे आत आले आणि बसले.

कायदा पुढे ज्यावर अडला ते नेमके असे घडले. पाल्मीनाबाईंना हात लोडावरून खिशाकडे नेऊन यंत्र बंद करता आले असते. त्यांच्या मनात ते आलेही. त्यांनी ओरेस्तेंच्या बुटांकडे पाहिले, त्या बुटांनी सभेत टाकलेले पाऊल आठवले, आणि हात टिपऱ्यांवरच ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातून जेम्माने डोके काढून भुवईने विचारले, कॉफी? पाल्मीनाबाईंनी भुवईनेच सांगितले, नाही. घरी आलेल्या माणसाला कॉफी न विचारण्याची त्या घराच्या इतिहासातली ती पहिली वेळ होती.

ओरेस्तेंना एक सवय होती. विणकर बायकांशी ते थेट बोलत नसत. चिटणिसाकडे पाहून, बाई जणू पलीकडच्या डोंगरावर असल्याप्रमाणे, तिच्याविषयी बोलत. त्या दिवशीही तसेच झाले.

"सांग तिला एर्मेस, तिचं आता वय झालंय. ओल लागली, कागद कुजले, टाकून दिले, असं दोन ओळींत लिहून द्यावं. कोणी तुरुंगात घालत नाही तिला."

"लिहून दिलं तर बरं," एर्मेस म्हणाले.

"बरं काय, उपकार म्हण. कागद काही आता परत येत नाहीत. रोमच्या माणसाने घेतले. तू स्वतः गाडीत ठेवलेस ना? मग! आता नाव कोणाचं तरी घालायला हवं. म्हातारीचं घालू. तिच्यामागे रडायला आहे कोण?"

इथे टिपऱ्या थांबल्या. एक, दोन, तीन. भिंतीवरचे घड्याळ तेवढे टिकटिकत होते. अकरा सेकंद झाले आणि टिपऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

"विचार करू दे तिला," ओरेस्ते उठत म्हणाले. "कॉफीसुद्धा विचारली नाही. माणूस असा उतरतो बघ."

पाल्मीनाबाईंची ओळ अजून मिटायची होती. पाहुणे बसले होते त्या अठरा मिनिटांत त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडले नव्हते. पाहुणे गेल्यावर सात मिनिटांनी ओळ मिटली. त्यांनी यंत्र बंद केले. मग लोडाकडे पाहिले, तर तिसऱ्या पानात एका जोडीला पीळ दोनदा बसला होता.

"वहिनी, चुकलंय," जेम्मा वाकून म्हणाली. "तुझ्या हातून! थांब, पाद्रींना बोलावते, चर्चची घंटा वाजवायला लावते."

"राहू दे."

"राहू दे? सबंध जन्म मला उसवायला लावलंस आणि आता राहू दे?"

"ही चूक माझी नाही, जेम्मा. ज्याची आहे त्याला दाखवायचीय."

*

वकीलबाई नुन्झिया फराओने पाल्मीनाबाईंच्याच विद्यार्थिनी. लेसमध्ये फारशी गती नव्हती म्हणून, असे त्या स्वतःच सांगत, कायद्याकडे वळलेल्या. त्यांनी ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले. पहिल्यांदा त्यांना हर्ष झाला. दुसऱ्यांदा चेहरा पडला.

"मावशी, यात तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? ती काय माझी टिपरी वाजतेय."

"तुमचा आवाज कुठाय?"

"ओळ चालू होती."

नुन्झियाबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, नीट ऐका. आपल्या देशात कायदा असा आहे. जिच्या समोर बोलणं झालं, तिने ते कानांत साठवलं काय नि यंत्रात साठवलं काय, कायद्याला सारखंच. समोरच्याला सांगितलं नाही तरी चालतं. स्वतःचा बचाव करायला तर नक्कीच चालतं. पण यंत्र ठेवून दिलं, स्वतः उठून गेलात आणि दोघं आपापसांत बोलले, तर तो त्यांच्या खासगी आयुष्यावर घाला. तो गुन्हा. मग पुरावा जातो आणि वरून तुमच्यावर दुसरा खटला बसतो."

"मी कुठे उठून गेले?"

"ते मला ठाऊक. कोर्टाला कसं सांगायचं? दोन पुरुष बोलताहेत, बाईविषयी बोलताहेत, बाईचा हूं नाही की चूं नाही. ऐकणारा काय म्हणेल?"

पाल्मीनाबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे मी बोलले असते तर ते कायदेशीर, आणि गप्प बसले म्हणून बेकायदा?"

"तसंच काहीसं."

"आईला विचारायला हवं होतं," पाल्मीनाबाई म्हणाल्या.

झालेही तसेच. चोरीचा आरोप पाल्मीनाबाईंवर होताच. ध्वनिमुद्रण सादर होताच ओरेस्तेंनी चोरून ध्वनिमुद्रण केल्याची दुसरी तक्रार गुदरली. आता सर्व भार एकाच प्रश्नावर आला : १७ एप्रिलच्या सकाळी ती बाई खोलीत होती की नव्हती? होती, तर पुरावा उभा आणि ती मोकळी. नव्हती, तर चोर ती आणि गुन्हेगारही तीच.

*

सुनावणी फेब्रुवारी २०११ मध्ये लागली. न्यायाधीश उत्तरेकडच्या, तोरिनोच्या, चाळिशीतल्या बाई होत्या. लेस त्यांनी केवळ टेबलावर पसरलेली पाहिली होती. ओरेस्तेंचे वकील उभे राहिले. गृहस्थ विद्वान होते आणि आपल्या माणसांना ओळखून होते.

"सन्माननीय न्यायाधीश, आपण उत्तरेच्या. आम्हा मोलिझेच्या लोकांना एक प्रश्न विचारून बघा. घरी दोन प्रतिष्ठित पाहुणे आले आहेत. घरची बाई काय करते?"

प्रेक्षकांच्या बाकांवरून दोन-तीन माना आपोआप हलल्या.

"कॉफी करायला जाते!" वकील म्हणाले. "आरोपी स्वयंपाकघरात गेली. जाताना यंत्र चालू ठेवून गेली. माझे अशील बिचारे वाट पाहात आपापसांत बोलले. आणि हा टिपऱ्यांचा आवाज? त्या घरात दोन विणकर बायका आहेत. ही टिपरी नणंदेची. वहिनी कॉफीशी, नणंद लोडाशी. एक बाई अठरा मिनिटं समोर बसून तोंड उघडत नाही, यावर आपला विश्वास बसतो?"

न्यायाधीशबाईंचा बसला नसावा. त्यांनी टिपण केले.

जेम्माला साक्षीला बोलावले. तिने शपथ घेतली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि वकिलाकडे वळून म्हणाली, "ती वीण माझी? आभारी आहे साहेब. माझ्या हाताला एवढी सफाई असती तर चाळीस वर्षं हिचे टोमणे ऐकले असते का मी?"

"आपण आरोपीच्या नातेवाईक आहात."

"नातेवाईक नाही, नणंद आहे. तिची तरफदारी केलीय का मी कधी? गावात विचारा."

हशा झाला, पण हशाने पुरावा होत नाही. मग पाल्मीनाबाई उठल्या. नुन्झियाबाईंनी त्यांच्या बाहीचा काठ ओढला, तरी उठल्या.

"बाई, मला एक विचारायचंय. पाहुण्यांनी कॉफी घेतली का?"

न्यायाधीशबाईंनी ओरेस्तेंकडे पाहिले. ओरेस्ते म्हणाले, "नाही."

"का बरं? मी अठरा मिनिटं कॉफी करत होते म्हणतात. मोलिझेत एवढ्या वेळात लग्नाच्या पंगतीला कॉफी होते. दिली का नाही मी? सांडली का?"

ध्वनिमुद्रणात ओरेस्तेंचे वाक्य होतेच, "कॉफीसुद्धा विचारली नाही." वकिलांनी कागद चाळले. त्यांना आपली चूक उमगली होती : त्यांनी आपल्या गावच्या सवयीवर हवाला ठेवला होता आणि आपल्याच अशिलाचे शब्द नीट वाचले नव्हते.

"यावरून कॉफी नव्हती एवढं सिद्ध होतं," न्यायाधीशबाई सावकाश म्हणाल्या. "आपण तिथे होतात हे सिद्ध होत नाही. ही टिपरी आपलीच, हे मला कोणी सांगू शकेल?"

"सांगेल," पाल्मीनाबाई म्हणाल्या. "सान व्हीतोची एल्विरा स्काराना सांगेल. पण तिने सांगितलेलं तुम्ही माना. कारण ती मला पाण्यात पाहते."

बाकांवर कुजबूज झाली. १९७४ च्या प्रांतिक स्पर्धेत पहिले बक्षीस पाल्मीनाबाईंना गेले होते, तेव्हापासून एल्विराबाईंनी रोक्कामार्नाच्या हद्दीत पाऊल ठेवले नव्हते. सान व्हीतोच्या लेसशाळेच्या त्या प्रमुख होत्या, जाणकारीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, आणि पाल्मीनाबाईंचे भले व्हावे असे वाटण्याजोगे त्यांना कोणतेही कारण नव्हते.

नुन्झियाबाई बाहेर येताच म्हणाल्या, "मावशी, ठार केलंत! वैरिणीला साक्षीदार कोण नेमतं?"

"वैरीण आहे म्हणूनच. तिला माझा हात जेवढा ठाऊक आहे तेवढा दोनातोलाही नव्हता. सदतीस वर्षं ती त्यात खोट शोधतेय."

*

न्यायाधीशबाई शिस्तीच्या निघाल्या, आणि या प्रकरणात जे काही नीट पार पडले ते त्यांच्या शिस्तीमुळे. त्यांनी लोडावरची पट्टी, लाल टाचणी आणि तारखेच्या पुठ्ठ्यासह, लिपिकाकरवी जप्त करवून मोहोरबंद केली. नुन्झियाबाईंनी ती दोन वर्षांपूर्वीच नोटरीपुढे नोंदवून ठेवली होती, त्यामुळे मागाहून विणल्याचा संशय उरला नाही. पाल्मीनाबाई आणि जेम्मा या दोघींच्या हातांचा आवाज न्यायालयातच पडद्याआड ध्वनिमुद्रित करवून घेतला. कोणता कोणाचा हे केवळ लिपिकास ठाऊक. आणि मार्चच्या दहा तारखेला एल्विराबाईंना बोलावणे धाडले.

एल्विराबाई काळ्या पोशाखात आल्या. त्यांनी पाल्मीनाबाईंकडे पाहिले नाही. त्यांना पट्टी दाखवली गेली नव्हती. त्यांनी कागद आणि पेन्सिल तेवढी मागितली.

पहिला आवाज लागला. दहा टिपऱ्याही पडल्या नसतील, एल्विराबाई म्हणाल्या, "ही कोण आहे माहीत नाही, पण हिने शेती करावी."

बाकांवरून जेम्माचा आवाज आला, "ऐकलंत? सफाई म्हणे!"

न्यायाधीशबाईंनी टेबलावर बोट आपटले. दुसरा आवाज लागला. एल्विराबाईंचा चेहरा आंबट झाला. "हिला ओळखते. पानाजवळ आली की घाई करते. मी स्पर्धेतही सांगितलं होतं परीक्षकांना. ऐकलं कोणी?"

"आता १७ एप्रिलचे ध्वनिमुद्रण," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

एल्विराबाईंनी डोळे मिटले. ओरेस्तेंचा आवाज खोलीभर पसरला. त्याखाली टिपऱ्या होत्या. म्हातारीची पेन्सिल कागदावर चालू लागली : चार वेळा वेणी, टाचणी, पान, टाचणी, पुन्हा वेणी, उघडी जाळी सात भोकांची, दुसरे पान. माणसे काय बोलत आहेत याकडे त्यांचे लक्षच नव्हते. "म्हातारीचं घालू. तिच्यामागे रडायला आहे कोण?" असे शब्द झाले, टिपऱ्या थांबल्या, आणि पेन्सिलही थांबली.

अकरा सेकंद.

टिपऱ्या सुरू झाल्या. एल्विराबाईंनी एकदम डोळे उघडले.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावले.

"इथे चुकली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "थांबली आणि चुकली. तिसरं पान. दुसरी जोडी दोनदा पिळली. जास्तीची टिपरी पडलीय, ऐकू येत नाही तुम्हांला?" मग प्रथमच त्या पाल्मीनाबाईंकडे वळल्या. "पाल्मीना, तू चुकलीस?"

"चुकले, एल्विरा."

"आणि उसवलं नाहीस?"

"नाही."

"सदतीस वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची," एल्विराबाई म्हणाल्या, "आणि आला तो असा."

न्यायाधीशबाईंनी मोहोर फोडली. पट्टी पांढऱ्या कागदावर पसरली, शेजारी एल्विराबाईंचे टिपण ठेवले. लाल टाचणीच्या खुणेपासून त्या बोट फिरवू लागल्या. चार वेळा वेणी. पान. वेणी. सात भोके; त्यांनी ती मोठ्याने मोजली. दुसरे पान. मग तिसरे. त्यांनी भिंग मागवले. तिसऱ्या पानात, दुसऱ्या जोडीला, पीळ दोनदा होता.

ज्या स्त्रीने लेस केवळ टेबलावर पसरलेली पाहिली होती ती भिंगातून बराच वेळ पाहात राहिली; मग तिने ओरेस्तेंच्या वकिलास विचारले, "आपल्याला काही म्हणायचं आहे?"

वकील उभे राहिले आणि बसले. एर्मेस मात्र बसले नाहीत. त्यांनी कोणीही न विचारता सांगितले, "कागद मीच गाडीत ठेवले. त्या सकाळी ती खोलीतच होती. ती नेहमी तिथेच असते."

निकालपत्र चौदा पानांचे आहे. त्यातले एक वाक्य कारंज्याच्या गल्लीत बायकांना पाठ आहे, आणि ते जसेच्या तसे येथे द्यावेसे वाटते : ‘ज्या व्यक्तीच्या समक्ष बोलणे झाले ती मौन राहिली म्हणून अनुपस्थित ठरत नाही, बोलणाऱ्याने तिला अनुपस्थित मानले, हा बोलणाऱ्याचा दोष होय.’ ध्वनिमुद्रण कायदेशीर ठरले. दुसरी तक्रार फेटाळली गेली. पाल्मीना रिच्युती चोरीच्या आरोपातून निर्दोष सुटल्या.

गावी त्या बसने परतल्या. नुन्झियाबाई गाडीतून सोडायला तयार होत्या. पण पाल्मीनाबाईंना चौकात उतरून पायी गल्लीतून जायचे होते. जेम्मा पुढे, त्या मागे. बातमी आधीच पोहोचली होती. अर्धवर्तुळातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या, कोणाच्याही हातात टिपरी नव्हती. रोझाल्बा पुढे झाली. सभेच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीला तिनेच हात लावला होता, हे सगळ्यांना माहीत होते. तिने खुर्ची भिंतीपासून सोडवली, फिरवली, बैठकीवरची दोन वर्षांची धूळ आपल्या झग्याने पुसली.

"बसा, मावशी."

पाल्मीनाबाई बसल्या, मग बाकीच्या. जेम्माने लोड आणून घोडीवर ठेवला. त्यांनी नवी लाल टाचणी खोचली, पुठ्ठ्यावर तारीख लिहिली आणि ओळ सुरू केली. पुढची पंचवीस मिनिटे कोणीच बोलले नाही; ओळ मिटली तेव्हा पाल्मीनाबाईंनी मान वर केली आणि विचारले, "काय गं, कॉफी कोण करतंय?" आणि एकदम सात बायका उठल्या.

उरलेली नोंद अशी. ओरेस्ते मास्त्रान्जेलो यांनी त्याच महिन्यात अध्यक्षपद सोडले. पुढे त्यांना व एर्मेस यांना शिक्षा झाली, एर्मेस यांना कमी. रोमच्या व्यापाऱ्याकडून चौदांपैकी नऊ चर्मपत्रे परत आली, त्यांत डाळिंब होते. पाच आली नाहीत; त्यांचा शोध फाइलीत अद्याप चालू आहे, म्हणजे बंद झाला असे कोणी लिहिलेले नाही. एल्विराबाई २०१२ च्या उन्हाळ्यात रोक्कामार्नाला आल्या, तीन दिवस राहिल्या आणि पानाजवळ घाई कशी करू नये यावरून भांडून गेल्या. नंतर दर वर्षी आल्या. ओरेस्तेंनी क्षमा मागितली नाही. ती अजून येणे बाकी आहे. पुन्हा मोहोरबंद झालेली पट्टी परत घ्यावी असे नुन्झियाबाईंनी वारंवार सुचवले, अर्जही लिहून दिला. पाल्मीनाबाईंनी सही केली नाही. म्हणाल्या, "चुकीचा माल मी घरी आणत नाही. ज्यांना उपयोगी पडला त्यांच्याकडे राहू दे." तो बिनसहीचा अर्ज जेम्माकडे, पिठाच्या डब्यामागे आहे.